तालुक्याच्या गावातील इटालियन रेस्टॉरंट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील तालुक्याच्या गावी आता बसस्थानकाच्या आसपास किंवा कॉलेजच्या रस्त्यावर पिझ्झा आणि पास्ता देणारे एखादे छोटे रेस्टॉरंट बहुधा सापडतेच. बाजार समितीत कापूस किंवा सोयाबीन विकून आलेले कुटुंब, नातवंडांच्या हट्टापायी आलेले आजी-आजोबा आणि जवळच्या खेड्यातून दुचाकीवर आलेले विद्यार्थी तेथे एकाच खोलीत जेवतात आणि त्यांच्या शंकाही बऱ्याचशा सारख्याच असतात. मोठ्या शहरातील साखळी दुकानात स्वयंपाकी सहसा ग्राहकाच्या समोर येत नाही; येथे तो चार पावलांवर उभा असतो आणि पुष्कळदा तोच मालकही असतो. त्यामुळे पदार्थात काय घातले आहे, हे मागवण्यापूर्वीच विचारून घेता येते. पुढील बहुतेक उत्तरे या एका सोयीच्या आधारावर दिलेली आहेत.

येथे मिळणारे जेवण खरोखर इटालियन असते का?

अंशतः असते. पिझ्झा, पास्ता, लसान्या (पास्त्याच्या पट्ट्यांचे थर), रिसोट्टो (मऊ, दाटसर भात) हे पदार्थ इटलीचेच आहेत. मात्र लोणी-लसूण लावलेला गार्लिक ब्रेड आजच्या रूपात अमेरिकेत रुळला, आणि क्रीम घातलेला घट्ट अल्फ्रेडो सॉसही तिकडचाच. रोममधील मूळ पदार्थात लोणी, पार्मेजान चीज आणि पास्त्याचे गरम पाणी एवढ्यावरच काम भागते. मखनी ग्रेव्हीचा किंवा पनीर टिक्क्याचा पिझ्झा तर आपल्याच देशात जन्मला. यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. ज्या टोमॅटोवाचून इटालियन स्वयंपाकाची कल्पना करवत नाही, तो इटलीत सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून पोहोचला आणि आपल्या भिवापुरी मिरचीचे पूर्वजही त्याच खंडातून भारतात आले. तरीही फलकावर ‘अस्सल’ असा शब्द लिहून त्याचे जादा पैसे घेतले जात असतील, तर त्या पदार्थात अस्सल नेमके काय आहे, हे विचारण्यास संकोच करू नये.

पहिल्यांदाच जात असल्यास काय मागवावे?

एक साधा मार्गारिटा पिझ्झा आणि टोमॅटोच्या सॉसमधील एक पास्ता. मेन्यूकार्डावर चाळीस पिझ्झे छापलेले असले, तरी त्यांतील बहुतेकांचा पाया आणि सॉस एकच असतो आणि फरक केवळ वरच्या पसरणीचा असतो. मार्गारिटावर टोमॅटो, मोझरेला चीज आणि बेसिलची पाने यांखेरीज काही नसते, म्हणून स्वयंपाक्याला लपण्यास जागा उरत नाही. हे नाव १८८९ मध्ये नेपल्स येथे राणी मार्गारिटा हिच्या सन्मानार्थ दिले गेले, असे परंपरेने सांगितले जाते. इतिहासकारांना ही कथा तितकीशी मान्य नाही, परंतु पिझ्झा मात्र कथेपेक्षा टिकाऊ ठरला आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. इटलीत आधी पास्ता किंवा रिसोट्टो, त्यानंतर मांस-मासळीचा पदार्थ आणि त्याच्या जोडीला भाजी असे जेवण टप्प्याटप्प्याने वाढले जाते. पिझ्झा हे तेथे स्वतंत्र जेवण असते. आपल्याकडे पंगतीची सवय असल्याने सर्व काही एकदम पानात हवे असते, आणि रेस्टॉरंटही सगळे एकदम आणून ठेवते. परिणामी पास्ता संपेपर्यंत पिझ्झ्यावरील चीज थिजून रबरासारखे होते. ‘भाऊ, पास्ता आधी आणा आणि तो संपत आला की पिझ्झा भट्टीत टाका,’ एवढे सांगितले तरी जेवणात मोठा फरक पडतो.

पिझ्झा चांगला आहे, हे कसे ओळखावे?

प्रथम खालची बाजू पाहावी. तुकडा उचलून उलटा केल्यास तळावर तपकिरी ठिपके दिसले पाहिजेत. तळ पांढराफटक आणि गुळगुळीत असेल, तर भट्टी पुरेशी तापली नव्हती किंवा आधीच अर्धवट भाजलेला बाजारी पाया वापरला आहे, असे समजावे. नेपल्सच्या पद्धतीत लाकडाची भट्टी सुमारे ४३० ते ४८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली जाते आणि पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर येतो. तेथील पिझ्झा बनवणाऱ्यांच्या या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्या गावातील विजेच्या किंवा गॅसच्या ओव्हनमध्ये इतकी उष्णता मिळत नाही, त्यामुळे भाजण्यास काही मिनिटे लागणे स्वाभाविक आहे. तथापि शेतात रोडगे करताना जसा गोवऱ्यांचा धगधगता जाळ बसून चांगला आर पडल्यावरच गोळे आत सोडतात, तसाच ओव्हनही रिकामा असताना पुरेसा वेळ तापू द्यावा लागतो. दुकान उघडताच मागवलेला पहिला पिझ्झा बहुधा कच्चट निघतो, तो याच कारणाने. शक्य असल्यास अर्धा तास उशिरा जावे.

त्यानंतर काठ पाहावा. यीस्ट घालून मळलेले पीठ काही तास आंबू दिले असेल, तर काठात लहान-मोठी छिद्रे असतात आणि चावल्यावर ब्रेडचा हलका आंबूस स्वाद येतो. घाईने फुगवलेल्या पिठाचा काठ घट्ट असतो, आणि असा पिझ्झा खाल्ल्यानंतर पोट जड होते ते बऱ्याच अंशी या घाईमुळेच, असे माझे मत आहे.

शेवटी ओलावा. कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो आणि मका हे सगळे एकाच पिझ्झ्यावर पसरले की भाज्यांना पाणी सुटते आणि मधला भाग लिबलिबीत होतो. ‘एक्स्ट्रा टॉपिंग’ म्हणजे जास्त मोबदला असा समज आहे. प्रत्यक्षात दोनपेक्षा अधिक भाज्या घेतल्याने पिझ्झा सुधारल्याचे क्वचितच दिसते.

वापरलेले चीज खरे आहे की नाही, हे विचारता येते का?

अवश्य विचारावे. स्वस्त पिझ्झ्यावर काही ठिकाणी दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरून बनवलेला चीजसदृश पदार्थ घातला जातो. तो विषारी नसतो, परंतु तो चीज नाही आणि चीज म्हणून त्याची विक्री करणे नियमात बसत नाही. पाकीट दाखवण्याची विनंती करावी; घटकांच्या यादीत पाम तेल आढळल्यास उत्तर मिळालेच. प्रामाणिक मालक पाकीट दाखवतो आणि किमतीचा हिशेबही सांगतो.

पास्ता गिचका का होतो?

बहुतेक वेळा तो सकाळी उकळून तेल लावून ठेवलेला असतो आणि मागणी आल्यावर सॉसमध्ये पुन्हा शिजवला जातो. दोनदा शिजल्यावर त्याचा कणखरपणा जातो. इटलीत पास्ता दाताला किंचित प्रतिकार करील इतपतच शिजवतात, उकळलेले थोडे पिठूळ पाणी सॉसमध्ये मिसळतात आणि लगेच वाढतात. दुसरे कारण गव्हाचे आहे. इटलीत तेथील विक्रीसाठी बनवला जाणारा सुका पास्ता कायद्यानुसार डुरम गव्हाच्या रव्याचाच असावा लागतो, कारण या कठीण गव्हाचा पास्ता उकळताना आकार धरून ठेवतो. आपल्याकडे बन्सी म्हणून ओळखला जाणारा गहूही डुरमच आहे, त्यामुळे बन्सी रव्याचा शिरा करणाऱ्या घरांना या गव्हाचा पिवळसर रंग आणि दाणेदारपणा परिचयाचा असेल. मैद्याचा स्वस्त पास्ता मात्र पाण्यात पडताच ढिला होतो.

दुपारी गर्दी नसताना गेल्यास ‘पास्ता आत्ता उकळून द्याल का?’ असे विचारावे. दहा-बारा मिनिटे थांबावे लागेल. रविवारी रात्री आठ वाजता हीच विनंती करणे स्वयंपाक्यावर अन्याय ठरेल.

शाकाहारी, माळकरी, महानुभाव किंवा जैन ग्राहकांनी कोणती काळजी घ्यावी?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे. रिद्धपूर परिसरातील महानुभाव कुटुंबे, कारंजा लाड किंवा शिरपूर जैन येथे दर्शनासाठी आलेले यात्रेकरू आणि गळ्यात तुळशीची माळ असलेले वारकरी यांच्यासाठी ‘व्हेज’ हा मेन्यूकार्डावरील शब्द पुरेसा नाही.

पहिली बाब चीजची. दूध घट्ट करण्यासाठी रेनेट नावाचे द्रव्य लागते. इटलीतील पार्मिजानो रेज्जानो हे चीज नियमानुसार वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनेच बनवले जाते, म्हणून ते कडक अर्थाने शाकाहारी नाही. ग्राना पादानो या चीजचेही तसेच आहे. भारतात बनणाऱ्या पाकीटबंद मोझरेलात सामान्यतः सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट असते आणि अशा पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असतो. मांसाहारी पदार्थासाठीचे चिन्ह तपकिरी चौकटीतील तपकिरी त्रिकोण हे आहे. आपल्या गावात आयात केलेले पार्मेजान मिळण्याची शक्यता कमी असली, तरी टेबलावरील डबीतील चीजपूड कशाची आहे, हे विचारून घेणे चांगले.

दुसरी बाब अंड्याची. सुक्या पेने किंवा स्पगेटीमध्ये सहसा अंडे नसते, परंतु ताज्या पास्त्यात आणि लसान्याच्या काही पट्ट्यांत ते असू शकते. कार्बोनारा हा पास्ता अंड्याशिवाय होतच नाही. तिरामिसू या गोड पदार्थाच्या मूळ कृतीत कच्ची अंडी असतात. आपल्याकडे अंड्याविना केलेले तिरामिसू मिळते, पण ते तसे आहे याची खात्री करून घ्यावी. पन्ना कोट्टा हा पांढराशुभ्र गोड पदार्थ दिसायला निरुपद्रवी असला, तरी तो घट्ट करण्यासाठी प्राण्यांपासून मिळणारे जिलेटिन वापरतात.

तिसरी बाब कांदा-लसणाची. टोमॅटोचा सॉस सकाळी एकदाच मोठ्या भांड्यात केला जातो आणि त्यात लसूण आधीच असतो. म्हणून आयत्या वेळी ‘लसूण काढून द्या’ असे सांगून उपयोग नाही. चातुर्मासात किंवा पर्युषणात जायचे असेल, तर आदल्या दिवशी फोन करून वेगळा सॉस करण्याची विनंती करावी. छोट्या ठिकाणी अशी विनंती बहुधा मान्य होते.

चौथी बाब सुरीची. चिकन पिझ्झा आणि शाकाहारी पिझ्झा एकाच ओव्हनमध्ये भाजले जातात आणि एकाच चाकाच्या सुरीने कापले जातात, असे अनेक ठिकाणी चालते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी वेगळी सुरी आणि वेगळा ट्रे मागावा, किंवा न कापलेला पिझ्झा घ्यावा. संपूर्ण शाकाहारी रेस्टॉरंट उपलब्ध असेल, तर हा सर्व खटाटोप टळतो.

जेवणासोबत वाइन मिळते का?

सहसा नाही. इटलीत ती जेवणाचा भाग असली, तरी तालुक्याच्या गावातील अशा रेस्टॉरंटकडे परवाना नसतो, आणि वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदीच आहे. ताक किंवा लिंबू सरबत मागवावे. चीजनंतर ताक बरे वाटते.

आम्हाला सावजी रश्श्याची सवय आहे. हे जेवण फिके लागले तर?

लागेलच, आणि त्यात स्वयंपाक्याचा दोष नाही. वऱ्हाडी किंवा सावजी रश्श्यात मसाला हाच पदार्थाचा प्राण असतो. इटालियन पद्धतीत टोमॅटोचा आंबटगोडपणा, चीजचा खारटपणा आणि तेलाचा स्वाद वेगवेगळे जाणवावेत अशी अपेक्षा असते. ज्यांना तिखटावाचून चालत नाही, त्यांनी ‘आराब्याता’ मागवावा. हा लाल मिरची आणि लसूण घातलेला टोमॅटो सॉस रोमच्या परिसरातला आहे. दक्षिण इटलीतील कालाब्रिया प्रांतही मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा तिखट खाणे हे इटालियन जेवणाशी विसंगत नाही; टेबलावरील चिली फ्लेक्सची चार पाकिटे चव न घेताच पिझ्झ्यावर रिकामी करणे मात्र विसंगत आहे. पहिला घास तसाच खावा, मग ठरवावे.

पिझ्झा हाताने खावा की काट्याने?

हाताने खाल्लेला चालतो. नेपल्समध्ये मोठा पिझ्झा काट्या-सुरीनेही खातात, कारण त्याचा मधला भाग मऊ असतो. पास्त्याला काटा सोयीचा पडतो. चमचा मागितल्यास कोणी नाव ठेवणार नाही.

घरातील वयस्कर मंडळींना काय रुचेल?

दात नसलेल्या किंवा चीजचा वास न आवडणाऱ्या ज्येष्ठांना बळेच पिझ्झा खाऊ घालू नये. भाज्या, कडधान्य आणि थोडा पास्ता घातलेले मिनेस्त्रोने सूप त्यांना बहुधा आवडते. ते पानात आले की ‘हे तर आपलंच आहे’ असे उद्गार ऐकू येतात आणि त्यात तथ्यही आहे.

मेन्यूकार्डावर रिसोट्टो असेल, तर तोही मऊ असतो. उत्तर इटलीतील पो नदीच्या खोऱ्यात भाताची मोठी शेती होते, आणि तेथील आर्बोरिओ व कार्नारोली हे जाड, पिष्टमय तांदूळ थोडा-थोडा गरम रस्सा घालत, ढवळत शिजवल्यावर सायीसारखा दाटपणा येतो. भंडारा जिल्ह्याचा चिन्नोर अतिशय सुगंधी तांदूळ आहे, परंतु त्याचा बारीक दाणा या कामासाठी नाही; चिन्नोर वापरून केलेला पदार्थ चवदार लागला, तरी त्याला मलईदार भात म्हणावे. भंडारा-गोंदियाच्या माणसाला तांदळाबाबत फसवणे तसेही कठीण आहे.

मधुमेह असलेल्यांनी किंवा गहू न चालणाऱ्यांनी काय करावे?

मधुमेह असल्यास मैद्याचा अख्खा पिझ्झा एकट्याने खाऊ नये. आधी सूप व सलाड घेऊन दोन तुकड्यांवर थांबणे व्यवहार्य आहे. ‘गव्हाच्या पिठाचा पाया’ असे लिहिलेले असले, तरी त्यात बहुधा मैदा मिसळलेला असतो. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आजार होणाऱ्या सिलिॲक रुग्णांनी अधिक सावध राहावे. खपली गहू चालतो, असा एक गैरसमज आहे. खपलीतही ग्लुटेन असते. काही हौशी स्वयंपाकी ज्वारीच्या पिठाचा पाया करून देतात आणि ज्वारीत ग्लुटेन नसते, हे खरे. परंतु ज्या ओट्यावर दिवसभर मैदा उडतो, तेथेच तो पाया थापला जात असेल, तर सिलिॲक रुग्णासाठी तो सुरक्षित राहत नाही.

उन्हाळ्यात जावे का?

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा ओव्हनजवळच्या छोट्या खोलीत बसणे ही शिक्षाच असते. शिवाय या उष्णतेत पीठ अपेक्षेपेक्षा लवकर फुगते आणि थंड जागेत ठेवले नाही तर आंबट होते. वीज गेल्यावर विजेचा ओव्हन थंड होतो आणि पुन्हा तापण्यास वेळ लागतो. वीज येताच भाजलेला पिझ्झा घेऊ नये. उन्हाळ्यात रात्री उशिरा जावे, अन्यथा सूप-पास्त्यावर भागवावे.

पंधरा-वीस किलोमीटरवरच्या गावी पार्सल नेता येईल का?

पास्ता नेऊ नये. तो वाटेत सॉस शोषून गोळा होतो. पिझ्झा नेता येतो, मात्र बंद खोक्यात वाफ साचून पाया नरम पडतो, म्हणून खोक्याचे झाकण किंचित उघडे ठेवावे. घरी आल्यावर तो जाड तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून गरम करावा. तळ पुन्हा कुरकुरीत होतो आणि चीज वितळते. मांसाहारी किंवा भरपूर चीज असलेला पदार्थ उन्हाळ्यात तासन्तास बाहेर ठेवून नंतर खाऊ नये.

संत्र्याच्या हंगामात काही खास मिळते का?

बहुधा नाही, आणि याची मला खंत वाटते. सिसिली बेटावर संत्र्याच्या चकत्या, कांदा, ऑलिव्ह, ऑलिव्ह तेल, मीठ आणि मिरपूड यांचे सलाड करतात. वरुड-मोर्शी-काटोलच्या पट्ट्यात आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या सुमारास आणि मृग बहाराची फेब्रुवारीनंतर बाजारात येतात, तरीही स्थानिक रेस्टॉरंटमध्ये संत्रे रसाच्या पेल्यापलीकडे जात नाही. आपले नागपुरी संत्रे सैल सालीचे असल्याने त्याच्या गोल चकत्या नीट पडत नाहीत. फोडी सोलून, बिया काढून वापरल्यास काम होते. चार ग्राहकांनी मागणी केली, तर एखादा मालक नक्की करून पाहील. घरची फळे घेऊन गेल्यास तो ती नाकारेल, असे वाटत नाही.

बिलात कोणत्या रकमा असू शकतात?

नोंदणीकृत साध्या रेस्टॉरंटला जेवणावर ५ टक्के जीएसटी आकारता येतो. मात्र लहान व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असलेल्या रेस्टॉरंटला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, आणि नोंदणीच नसलेल्याला तर मुळीच नाही. म्हणून कर लावलेला असेल, तर बिलावर जीएसटी क्रमांक आहे का, ते पाहावे. सेवा शुल्क आपोआप जोडता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. इटलीत अनेक ठिकाणी माणशी ‘कोपेर्तो’ नावाचे टेबल शुल्क घेतात; आपल्याकडे तशी प्रथा नाही. वाढणाऱ्या मुलाला खुशीने काही द्यावेसे वाटले, तर ते त्याच्याच हातात द्यावे.

पदार्थ बिघडलेला निघाल्यास काय करावे?

अर्धा खाऊन झाल्यावर नव्हे, तर दुसऱ्या घासालाच सांगावे. चढ्या आवाजाची गरज नसते. काय बिघडले ते नेमके सांगितल्यास बहुतेक मालक बदलून देतात, कारण उद्या त्यांना याच बाजारात आपल्याला तोंड दाखवायचे असते. शिळेपणाचा किंवा अस्वच्छतेचा संशय असेल, तर बिल जपून ठेवावे. त्यावर अन्न सुरक्षा विभागाचा चौदा अंकी क्रमांक असणे अपेक्षित आहे. मालक दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

वाढदिवसाला वीस-पंचवीस जणांना घेऊन जायचे असल्यास?

किमान एक दिवस आधी कळवावे. पिझ्झ्याचे पीठ आयत्या वेळी वाढवता येत नाही, आणि छोट्या ओव्हनमध्ये एका वेळी दोन किंवा तीनच पिझ्झे मावतात. म्हणजे शेवटच्या पाहुण्याच्या पानात पिझ्झा पडेपर्यंत पहिल्याचे जेवण आटोपलेले असते. त्यामुळे सर्वांसाठी पास्ता आणि सूप ठरवून पिझ्झे मधल्या टेबलावर जसे निघतील तसे वाटून घ्यावेत. केक बाहेरून आणणार असल्यास त्याचीही आधी परवानगी घ्यावी, आणि कांदा-लसूण न खाणारे, अंडे न खाणारे व लहान मुले किती आहेत, याची यादी फोनवर तोंडी न सांगता लिहून पाठवावी.